पावणेतेवीस लिटरची गंगा

"सहा गॅलन म्हणजे किती बादल्या?"

डेन्व्हरला लेकीच्या घरासमोर उभ्या असलेल्या पांढऱ्या डब्याकडे बघत हिने विचारलं. डबा म्हणजे ट्रेलर. सतरा फुटी, भाड्याने आणलेला, गाडीच्या मागे अडकवून न्यायचा. त्याच्या खिडकीतून जावयाचं नुसतं डोकं बाहेर आलं होतं आणि ते डोकं आम्हाला पाणी तापवायच्या टाकीची थोरवी सांगत होतं. त्याने मनातल्या मनात गुणाकार केला. "पावणेतेवीस लिटर, आई. म्हणजे दीडेक बादली."

"माणशी?"

"नाही, सगळ्यांत मिळून. पण संपलं की अर्ध्या तासात पुन्हा तापतं."

ही काही बोलली नाही. घरात गेली आणि सकाळी अंघोळ झालेली असताना पुन्हा एकदा अंघोळ करून आली. प्रवासाला निघताना माणूस पोटभर जेवून घेतो, तसं.

डोंबिवलीच्या घरात आम्हा दोघांसाठी २५ लिटरचा गीझर आहे, आणि तो पुरत नाही यावरून आमचा वाद गेली नऊ वर्षं चालू आहे. इथे तर पाच माणसं : आम्ही दोघं, लेक, जावई आणि आठ वर्षांचा नातू. ट्रेलरच्या जाहिरातीत पाच जण आरामात झोपू शकतात असं लिहिलेलं होतं. अंघोळीच्या बाबतीत जाहिरात गप्प होती. बेत सात रात्रींचा होता : वायोमिंगमधून ग्रँड टीटन, आणि तिथून यलोस्टोन.

ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात एक अरुंद दार होतं. मला वाटलं, झाडू ठेवायची जागा. उघडलं तर आत कमोड, कमोडच्या डोक्यावर बेसिन आणि बेसिनच्या वर शॉवर. जागा अडीच फूट बाय तीन फूट, त्यातली अर्धी कमोडने घेतलेली. तिकडे या प्रकाराला ‘वेट बाथ’ म्हणतात. नावात खोट नाही, कारण शॉवर सोडला की अंघोळ करणाऱ्यासकट सगळं ओलं होतं : कमोड, बेसिन, आरसा, दाराची आतली बाजू. "अंघोळीच्या आधी टॉयलेट पेपर आठवणीने बाहेर काढायचा," जावयाने सूचना दिली, "नाहीतर त्याचा लगदा होतो."

"म्हणजे संडासात अंघोळ?" हिने विचारलं.

"आई, कमोडच्या झाकणावर बसून केली तर गुडघे आपटत नाहीत."

हे ऐकल्यावर हिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी लग्नानंतर दोनदाच पाहिलं आहे, आणि दोन्ही वेळा त्यानंतर आम्ही घर बदललं होतं.

मला मात्र आत शिरल्या शिरल्या माहेरी आल्यासारखं वाटलं. (पुरुषालाही माहेर असतं, त्याला पत्ता नसतो इतकंच.) माझं बालपण गिरगावातल्या चाळीत गेलं. एका खोलीत आठ माणसं आणि खोलीच्या कोपऱ्यात मोरी. कमरेएवढी भिंत, वर दोरी, दोरीवर आईची जुनी साडी. साडीच्या अलीकडे वडील पेपर वाचत असायचे, पलीकडे पाटावर बसून मी डोक्यावर तांब्या उपडा करत असायचो आणि मधून पेपराकडे पाणी उडालं की साडीपलीकडून माझ्या नावाचा उद्धार व्हायचा. तेव्हा अडीच बाय तीनमध्ये अंघोळ करायची माझी तालीम सात वर्षांचा होण्याआधीच पुरी झालेली आहे. फरक एकच. आमच्या चाळीत मोरी घरात आणि संडास गॅलरीच्या पार टोकाला. दोन्हींमध्ये अकरा बिऱ्हाडं आणि माझी आजी. गॅलरीच्या टोकाला जाऊन आलेल्याला हातपाय धुतल्याशिवाय ती उंबऱ्याच्या आत घेत नसे. इथे ते सगळं अंतर घडी घालून एका पेटीत ठेवलेलं.

हिचा एक नियम सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या नियमामुळे घडलं. पारोशाने ही गॅसला हात लावत नाही. चहा आम्ही कोणीही करावा. पण पोहे, उपमा, थालीपीठ हे सगळं हिच्या अंघोळीनंतर. म्हणजे ट्रेलरमध्ये अंघोळ करायची की कॅम्पग्राउंडच्या सार्वजनिक न्हाणीघरात, हा आमच्याकडे आवडीनिवडीचा प्रश्न राहिलाच नाही. पाच माणसांचा नाश्ता त्याच्यावर टांगलेला होता.

पहिली रात्र वायोमिंगमधल्या एका खासगी कॅम्पग्राउंडवर. भोवती मैलोन्‌मैल गवत आणि वारा असा की पायजमा दोरीवर वाळत न पडता आडवा उडत होता. सकाळी खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश, हातात साबणाची डबी अशी माणसं आपापल्या डब्यांतून निघून मधल्या एका बैठ्या इमारतीकडे चालली होती. मी पाहिलं आणि खूश झालो. ही चाळच की! फक्त इथे लोक रांगेत भांडत नव्हते, एकमेकांना सुप्रभात म्हणत होते. त्यामुळे थोडं परकं वाटलं.

आत शॉवरचे चार खण. प्रत्येक खणात भिंतीवर लोखंडी पेटी आणि पेटीला खाच. पाव डॉलरची नाणी टाकली की पाणी सुटतं आणि ठरावीक मिनिटं झाली की खट्‌कन बंद होतं. लेकीने चार नाणी हातावर ठेवली होती. मी चारही टाकली, पाणी आलं, गरम होतं, मुबलक होतं. चाळीस वर्षं लोकलने प्रवास केलेला माणूस मोजून मिळालेल्या वेळात सैल कसा पडला, मला माहीत नाही. मी चक्क गुणगुणायला लागलो. डोक्याला साबण लावला, तोंडाला लावला, आणि खट्‌.

डोळे मिटलेले. नाणी आणखी होती, पण ती पँटच्या खिशात, पँट खुंटीवर, खुंटी पडद्याबाहेर आणि पडद्याबाहेर दाढी करणारे तीन अमेरिकन. मी मराठीत "अरे देवा" म्हणालो. शेजारच्या खणातून काहीतरी विचारणा झाली. मी इंग्रजीत "कॉइन" एवढा एकच शब्द बोललो आणि फळीच्या खालून एक हात आला. मोठा, लाल केसांचा, मनगटावर नांगराचं गोंदण. बोटांत दोन नाणी. मी चाचपडत घेतली आणि अंघोळ पुरी केली. बाहेर आलो तोवर तो खण रिकामा होता. त्या गृहस्थाचा चेहरा मी पाहिलेला नाही. निघेपर्यंत मी त्या कॅम्पग्राउंडवर भेटेल त्याच्या मनगटाकडे बघत होतो, त्यामुळे दोघातिघांनी मला किती वाजले ते सांगितलं.

बायकांच्या बाजूला हिची वेगळीच पंचाईत. खणात खुंटी एक. त्या एका खुंटीवर टॉवेल, गाऊन, पंजाबी ड्रेसचे तीन भाग आणि मंगळसूत्र काढून ठेवायची पिशवी. जमीन ओली, म्हणून सलवार एका पायावर उभं राहून घालायची. "पासष्टाव्या वर्षी वृक्षासन करायला लावलंत," परतल्यावर ही म्हणाली. पण पोहे झाले. दाण्यांसकट झाले.

ग्रँड टीटनमधल्या कोल्टर बेला न्हाणीघर आणि कपडे धुवायची यंत्रं एकाच इमारतीत आहेत. कपडे तिकडे गरगरतायत आणि माणूस इकडे धुऊन निघतोय. पैसे पडतात, पण काम चोख. तिथल्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, आणि अंघोळीच्या बाबतीत यापेक्षा मोठी शिफारस नसते.

खरं नाट्य मॅडिसनला.

यलोस्टोन १८७२ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि त्यातलं मॅडिसन कॅम्पग्राउंड देखणं आहे. फायरहोल आणि गिबन या दोन नद्या तिथे एकत्र येतात आणि पुढे मॅडिसन नावाने वाहतात. हिला हे कळलं तेव्हा ही गाडीतून उतरून हात जोडून उभी राहिली. "संगम आहे हो!" मग मागे वळून म्हणाली, "न्हाणीघर कुठाय?"

न्हाणीघर नव्हतं. तिथे संडास आहेत, बेसिन आहेत, शॉवर नाही. नळाची, विजेची, सांडपाण्याची जोडणीही ट्रेलरला मिळत नाही. ट्रेलरच्या पोटातली ३० गॅलनची टाकी भरून आणायची आणि तेवढ्यावर राहायचं. ३० गॅलन म्हणजे ११३ लिटर. त्यात पाच माणसांचं पिणं, भांडी, फ्लश आणि अंघोळ, दोन दिवस. "संगमावर येऊन बिनअंघोळीचं राहायचं?" हिने विचारलं. या प्रश्नाला अमेरिकन सरकारकडे उत्तर नाही.

लेकीने पुस्तिका उघडली. तिला शॉवर सापडला तो कॅन्यनला, नॉरिसवरून २६ मैल. जाऊन-येऊन ५२ मैल. म्हणजे डोंबिवलीहून निघून सीएसटीला अंघोळ करायची आणि जवळजवळ ठाण्यापर्यंत परत यायचं. लेक तरीही निघाली, तिचे केस लांब आहेत. वाटेत गवे रस्त्यावर बसले होते. बसलेल्या गव्याला उठवायचं नसतं, तो उठेपर्यंत थांबायचं असतं. साडेचार तासांनी ती आली तेव्हा गाडीवर आणि तिच्यावर सारखीच धूळ होती.

मग मी पुढे झालो. मोरीतला माणूस मी. जावयाने दारातच मला रीत समजावली. याला ‘नेव्ही शॉवर’ म्हणतात. जहाजावर गोडं पाणी कमी, म्हणून अंग भिजवायचं, पाणी बंद करायचं, साबण लावायचा, पाणी सोडायचं, धुवायचं, बंद. शॉवरच्या दांड्यावरच बटण असतं. ऐकायला सोपं. पण बटण बंद करून उघडलं की पहिल्या धारेत आधी बर्फ येतो, मग एकदम तेल तापल्यासारखं, आणि त्या दोघांच्या मधलं जे सुख, ते सापडेपर्यंत दोन-तीन लिटर वाया. आपल्याकडे विसण नावाची गोष्ट आहे. कढत पाण्यात गार घालायचं, हात बुडवून बघायचं, आणखी एक तांब्या घालायचा. शॉवरला विसण घालता येत नाही. त्याच्याशी नळाच्या दोन कानांनी तह करावा लागतो, आणि माझं कोपर दर दहा सेकंदांनी एका कानाला लागून तो तह मोडत होतं. पाण्याचा पंप बॅटरीवर चालतो. मी बटण दाबलं की तो पायाखालून गुरगुरायचा. बाहेर नातवाला वाटलं अस्वल आलं.

त्याच सुमाराला घोट्यांना काहीतरी कोमट लागलं. वापरलेलं पाणी ट्रेलरच्या खाली एका निराळ्या टाकीत साठतं. तिला ‘ग्रे टँक’ म्हणतात. ती भरली की पाणी ज्या भोकातून गेलं त्याच भोकातून परत येतं, आणि ट्रेलरमधलं सर्वात खालचं भोक शॉवरचं. म्हणजे कोल्टर बेहून निघाल्यापासूनची भांडी, हिने धुतलेले तांदूळ, जावयाची दाढी, हे सगळं एकत्र होऊन माझ्या पायांना भेटायला आलं होतं. तेही एक प्रकारचं संगमस्नानच. मी पाय वर घेतले. कमोडच्या झाकणावर उकिडवा बसून, साबण लावलेल्या अंगाने, मी जावयाला हाक मारली.

रात्र होण्याआधी ट्रेलर पुन्हा गाडीला अडकवून कॅम्पग्राउंडच्या डंप स्टेशनवर न्यावा लागला. तिथे जमिनीत एक झाकण असतं. आधी ‘ब्लॅक टँक’ सोडायची, म्हणजे कमोडची, आणि मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. जावई रबरी हातमोजे घालून वाकला होता आणि मी बाजूला टॉर्च धरून उभा. तेरा वर्षांपूर्वी दादरच्या कार्यालयात पाटावर बसवून मी या मुलाचे पाय धुतले होते. तेव्हा भटजींनी बरीच पुण्यं सांगितली होती, पण त्याची परतफेड या रूपाने होईल असं काही म्हणाले नव्हते. "बाबा, जरा डावीकडे धरा," तो म्हणाला. मला त्याच्याबद्दल इतकं प्रेम याआधी वाटलं नव्हतं.

आता अस्वलाचं सांगतो. यलोस्टोनमध्ये नियम असा की ज्याला वास आहे ते उघड्यावर ठेवायचं नाही. खाणं तर नाहीच, पण टूथपेस्ट, साबण, तेलसुद्धा नाही. गाडीत, ट्रेलरमध्ये नाहीतर लोखंडी पेटीत बंद करायचं. मी सकाळी बाहेरच्या लाकडी टेबलावर चंदनाचा साबण वाळत ठेवला होता. घरी ठेवतो तसाच, खाली बुळबुळ होऊ नये म्हणून दोन काड्यांवर. रेंजरबाई आल्या, अतिशय नम्रपणे म्हणाल्या की अस्वलांना हा वास ओढून आणतो. मी साबण आत ठेवला. नंतर शंका आली की साबण आत ठेवला, पण तो जिच्या अंगाला रोज लागतो ती तर बाहेर खुर्चीवर बसून शेंगा सोलते आहे. हे मी बोललो नाही. काही शंका अस्वलाच्या भरवशावर सोडलेल्या बऱ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर दोन-तीन अंश. सगळे भुकेले आणि ही पारोशी, हाताची घडी घालून बसलेली. पाण्याची टाकी अर्धी. मी शॉवरची बाजू मांडायचा नैतिक अधिकार गमावून बसलो होतो. शेवटी हीच उठली.

"बादली द्या."

बादली नव्हती. भांडी विसळायचा प्लॅस्टिकचा टब होता. "मग?" हिने विचारलं, आणि तो मग प्रश्नार्थक नव्हता, पाणी घ्यायचा होता. अमेरिकेतलं मराठी घर दारावरच्या तोरणावरून ओळखता येईलच असं नाही, पण संडासातल्या मगावरून नक्की येतं. तसा एक ट्रेलरमध्येही होता, पण त्याचा विषयही काढायची सोय नव्हती. त्या मगाने अंघोळ म्हणजे गॅलरीच्या टोकाला जाऊन आलेला पाहुणा थेट देवघरात. तेव्हा लेकीने स्वयंपाकाच्या कपाटातून पीठ-दूध मोजायचा एक लिटरचा जग काढून दिला. एका अंगाला मिलिलिटरच्या खुणा, दुसऱ्या अंगाला कपांच्या.

हिने टब बेसिनवर घट्ट बसवला. कमोडवर एक जुनी चादर टाकली. झाकलं म्हणजे नाही, असं समजायचं. शास्त्रात अशा सोयी असतात. गरम नळ सोडून टब निम्मा भरला, वर गार घातलं, हात बुडवून बघितलं, पुन्हा थोडं गार. विसण जमलं. दार लागलं. आतून पहिल्या जगाचा भळ्‌ असा आवाज आला आणि दाराला पाठ लावून उभा असलेला नातू ओरडला, "एक!"

अमेरिकेच्या कायद्याने शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर पाणी येऊ देतात. घरच्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तरी ७६ लिटर. नातू चौदावर थांबला. एवढ्यात तोंड, हात, पाय, पाठ आणि संगमाच्या नावाने एक जास्तीचा. अंघोळीच्या वेळी ज्या सात नद्यांची नावं ही रोज घेते, त्यांत त्या दिवशी मॅडिसन धरून आठ झाल्या. दार उघडलं तेव्हा आतून वाफ आणि चंदनाचा वास आला. टाकीतलं पाणी अजून गरम होतं. हिने ओल्या केसांना पंचा गुंडाळला आणि विचारलं, "पोह्यांत बटाटा घालू?"

त्या दिवसापासून आमच्या कुटुंबाची अंघोळ सार्वजनिक आकडेवारी झाली. मी नऊ जग. जावई अकरा. ही चौदा, डोक्यावरून असेल तेव्हा बावीस. नातू तीन, आणि त्यातले दोन भिंतीवर. लेकीने आधी नाक मुरडलं. तिच्या मते जगाने अंघोळ म्हणजे तीस वर्षं मागे जाणं. मी तिला सांगितलं, मी तर साठ वर्षं मागे गेलोय आणि तिथे बरं चाललंय. शेवटी कॅन्यनच्या दुसऱ्या फेरीपेक्षा तिनेही जग पत्करला. सोळा. आकडा नातवाने इतका मोठ्यांदा जाहीर केला की शेजारच्या तंबूतल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दिवशी दुपारी आम्ही ओल्ड फेथफुल बघायला गेलो. हिच्याशी आदल्या दिवसापासून बोलताना एक घोटाळा होत होता. जावई म्हणायचा, "उद्या आपण गीझर बघू," आणि ही म्हणायची, "दुरुस्त होणारे का?" आपल्याकडे गीझर भिंतीवर असतो, २५ लिटरचा आणि बटणाचा. तिकडे पाणी तापवायच्या यंत्राला कोणी गीझर म्हणत नाही; गीझर म्हणजे जमिनीतून उडणारं गरम पाणी. अर्धवर्तुळात मांडलेल्या बाकांवर शेकडो माणसं बसली होती. दीडेक तासाने एकदा तो उडतो आणि पुढची वेळ रेंजर पाटीवर लिहून ठेवतात, दहा मिनिटं इकडेतिकडे. मला आमच्या राजापूरची गंगा आठवली. तीही जमिनीतून येते, पण वेळ लिहून ठेवत नाही. तिच्या मनात आलं की येते, आणि मग एसटीला गर्दी होते.

वेळेवर उडाला. आधी दोन उचक्या, मग पांढरा खांब, शंभर फुटांच्याही वर. एका वेळी १४ हजार ते ३२ हजार लिटर पाणी. इतक्या उंचीवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं, आणि हे सगळं तसं उकळतं. लोक "वाऽ" म्हणत होते. माझ्या शेजारून "अगंबाई" आलं आणि पाठोपाठ, "सगळं फुकट चाललंय हो!" आपल्याकडे वज्रेश्वरीला, उन्हवऱ्याला, राजापूरजवळच्या उन्हाळे गावाला जमिनीतून कढत पाणी आलं की त्याला कुंड बांधतात, बायकांचं वेगळं आणि पुरुषांचं वेगळं, आणि लोक उतरतात. इथे गरम झऱ्यात पाय घालायलाही बंदी आहे. ती योग्यच आहे, कारण त्या झऱ्यांत पडून माणसं भाजून मेलेली आहेत. पण १४ जगांत अंघोळ करून आलेल्या बाईला ते तेवढ्यापुरतं पटवून देणं कठीण. ती मनातल्या मनात भागाकार करत होती. घरी येईपर्यंत तिने उत्तर काढलं : एका उडण्यात निदान हजार जणांची अंघोळ, डोक्यावरून धरली तरी सहाशे.

शेवटचा मुक्काम फिशिंग ब्रिज. (या मासेमारीच्या पुलावर मासेमारीला १९७३ पासून बंदी आहे, नाव बदलायचं राहिलं.) तिथे अस्वलांचा वावर इतका की कापडी तंबूला परवानगीच नाही, टणक भिंतींची गाडीच लागते. पण यलोस्टोनमध्ये पाणी, वीज आणि सांडपाणी तिन्ही जोडण्या मिळतात त्या इथे. जावयाने नळी लावली, पाइप लावला. आता टाकी भरायची नाही, टाकी उपसायची नाही. शिवाय जवळच पैसे देऊन वापरायचं न्हाणीघर. मी म्हटलं, चला, सुटलो.

शेजारी सत्तरीतलं एक अमेरिकन जोडपं होतं. त्यांचा ट्रेलर आमच्याहून मोठा आणि अकरा वर्षं त्यांनी त्यातच काढलेली. मला वाटलं, विचारायला हाच माणूस योग्य. ट्रेलरमधली अंघोळ बरी की बाहेरची? आजोबांनी मला मागच्या बाजूला नेलं आणि न्हाणीचं दार उघडून दाखवलं. आत घडीच्या चार खुर्च्या, मासे धरायचे गळ, कुत्र्याच्या खाण्याचं पोतं आणि हिवाळ्याचे कोट. अकरा वर्षांत शॉवर दोनदा सोडलाय, म्हणाले, आणि दोन्ही वेळा कुत्र्यासाठी. मग थोडं थांबून, संकोचत त्यांनी विचारलं, "तुमचा नातू सकाळी दारापाशी उभा राहून काय मोजतो?"

मी सांगितलं. त्यांनी जग बघायला मागितला. हातात फिरवला, खुणा वाचल्या, बायकोला हाक मारली. त्या संध्याकाळी त्यांच्या ट्रेलरमधून खुर्च्या बाहेर पडल्या, गळ बाहेर पडले. सकाळी मी चहा घेऊन पायरीवर बसलो होतो तेव्हा पलीकडून भळ्‌ असा आवाज आला आणि आजींचा मोजण्याचा आवाज. आजोबांना सव्वीस लागले. नवीन माणूस होता, आणि देहही मोठा.

आमच्याकडे पाणी आता अमर्याद होतं. लेक आणि जावई न्हाणीघरात गेले आणि लाल होऊन आले. हिने टब बेसिनवर बसवला, चादर टाकली, विसण घातलं. "अगं, आता का?" मी विचारलं. "सवय झाली," ही म्हणाली, आणि नातवाला हाक मारली.

डोंबिवलीला परतून आता चार महिने झाले. गीझरवरून भांडण होत नाही. जग आम्ही लेकीकडून मागून आणला आहे. तिकडे जाणार असाल तर बरोबर पंचा न्या, जाडा टॉवेल ट्रेलरमध्ये तीन-तीन दिवस वाळत नाही. पाव डॉलरची अकरा नाणी आमच्याकडे उरली आहेत; ज्याला हवी त्याने घेऊन जावीत, आणि मनगटावर नांगर गोंदलेला कोणी भेटला तर त्यातली दोन त्याला द्यावीत. जगही नेलात तरी चालेल. तो मात्र परत हवा. वरच्या मजल्यावरच्यांनी आधीच नंबर लावला आहे.